मी ऑफिस जोडलं!

वायर म्हणजे काय ते मला विचारा! सव्वीस वर्षं मी विजेच्या सामानाचं गोदाम सांभाळलंय. जाड वायर, बारीक वायर, लाल, काळी, वेटोळ्यातली, खोक्यातली, सगळ्या जाती माझ्या हाताखालून गेल्या. आता हाताखालून जाणं वेगळं आणि हातानं जोडणं वेगळं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी कुठला ऐकतोय म्हणा!

तर झालं असं. माझी बायको आर्किटेक्ट आहे. सासूबाईंच्या घराच्या तळमजल्यावर तिचं छोटंसं ऑफिस आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. याला काही लोक घरजावई म्हणतात. म्हणोत बापडे! गोदामातून लवकर निवृत्ती घेतल्यापासून मीही ऑफिसातच बसतो. दहा ते सहा तिला 'मॅडम' म्हणायचं, असा तिचा नियम आहे. सहा वाजून एक मिनिटाला ती पुन्हा 'अगं' होते. माझ्या पदाला मात्र अजून नाव सापडलेलं नाही. आल्यागेल्याला मी 'मॅनेजर' म्हणून सांगतो आणि मॅडम 'घरचेच आहेत' म्हणून सांगतात.

बाकी माणसं दोनच. एक नकाशेकाका. तीस वर्षं नकाशे काढतायत, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतात. दुसऱ्या टायपिंगताई. काकांची उरलेली सगळी वाक्यं त्या बोलतात. आणि मागच्या खोलीत सासूबाई, त्यांच्या शिलाई मशीनसह. त्या ऑफिसच्या नोकरीत नाहीत, पण ऑफिस त्यांच्या घरात असल्यामुळे सगळ्यांच्या वरिष्ठ आहेत.

आमच्याकडे फाईल चालत जायची. म्हणजे काकांनी नकाशात खिडकी दोन इंच डावीकडे सरकवली की ती पेनड्राइव्हवर घालून मॅडमच्या टेबलाशी न्यायची. मॅडमनी ती उजवीकडे सरकवली की परत काकांकडे. सासूबाईंनी पेनड्राइव्हला हरवू नये म्हणून लाल फीत शिवून दिली होती. ती गळ्यात घालून या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारणारा इसम म्हणजे मॅनेजर, अर्थात मी!

मग आलं वाचनालयाचं काम. आमच्या भागात वाचनालयाची नवी इमारत व्हायची होती आणि शेवटच्या तीन आर्किटेक्टमध्ये मॅडमचं नाव होतं. समिती शुक्रवारी अकरा वाजता ऑफिसात येऊन नकाशे बघणार होती. अध्यक्षबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आम्ही एखादा बदल सुचवला तर तो तिथल्या तिथे दिसला पाहिजे."

म्हणजे पुढच्या खोलीत समिती मोठ्या पडद्यासमोर बसणार, आतल्या खोलीत काका बदल करणार आणि तो पडद्यावर दिसणार. त्यासाठी सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला हवेत. मॅडमनी एका नेटवर्कवाल्याला बुधवारी बोलावून ठेवलं.

त्या रात्री जेवताना ती मला म्हणाली, "हे काम मिळालं नाही ना, तर मी ऑफिस बंद करणार आहे."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. त्या मोठ्या कंपनीनं मला नोकरी देऊ केलीय. सोमवारपर्यंत उत्तर हवंय त्यांना. वर्षभर एकही मोठं काम नाही आपल्याकडे. काकांना आणि ताईंना मी किती दिवस नुसतं बसवून ठेवू? पण या वयात काकांना कोण घेणार, सांगा."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. हे ऑफिस तिनं रिकाम्या खोल्यांतून उभं केलंय हो! दारावरची पाटीसुद्धा तिनं स्वतः रंगवलीय. माझा ऊर भरून आला. आपणही काहीतरी करून दाखवलंच पाहिजे, असं मला तीव्रतेनं वाटलं. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाटण्यातून सुरू झालेली आहेत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेटवर्कवाल्याला परस्पर फोन केला.

"येऊ नका," मी म्हणालो. "आमच्याकडे माणूस आहे."

"कोण माणूस?"

"आहे एक. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे."

मॅडमनी विचारलं, "बुधवारी येतोय ना तो?" मी म्हणालो, "झालंच समज!" यात खोटं असं काही नव्हतं. खरंही काही नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

बुधवारी नेटवर्कवाला अर्थातच आला नाही, तेव्हा मॅडमना 'मी आहे ना!' असं म्हणून मी दुकानातून एक डबा आणला. त्याला एका रांगेत आठ भोकं असतात. प्रत्येक कॉम्प्युटरची एकेक वायर आणून त्या भोकात घालायची, 'टक्' असा आवाज आला की झालं. इतकं सोपं! यासाठी लोक माणसं बोलावतात, याचं मला नवल वाटलं.

वायर किती लागेल हे मी ढांगा टाकून मोजलं. पुढच्या खोलीपासून काकांच्या टेबलापर्यंत बारा ढांगा. माझी ढांग दोन फुटांची, म्हणजे चोवीस फूट.

काका मान वर न करता म्हणाले, "सव्वीस."

"काय सव्वीस?"

"तुमची ढांग. सव्वीस इंच."

"तुम्हाला कसं हो माहीत?"

"रोज येता टेबलापाशी. मोजली."

त्यांचं त्या दिवसाचं चौथं वाक्य झालं होतं, त्यामुळे चर्चा तिथंच संपली. मी चोवीस फुटांची तयार वायर आणली आणि ती बरोबर दोन फूट कमी पडली! काका काही बोलले नाहीत. ताई बोलल्या.

"मॅनेजरसाहेब, काकांचं टेबल पुढे घ्यायचं, की काकांनाच ताणायचं?"

मी तीस फुटांची दुसरी वायर आणली. पहिली उरली ती उरली.

मग भिंतीला भोक. ड्रिल मशीन माझ्या हातात आलं की माझ्या अंगात वेगळंच बळ येतं. भोक मधल्या खोलीतून काकांच्या खोलीत निघायला हवं होतं. ते आरपार गेलं, विटांचा चुरा पडला, आणि पलीकडे जाऊन बघतो तर भोकच नाही! सगळी भिंत कोरी करकरीत. इतक्यात मागच्या खोलीतून शांत आवाज आला.

"जावईबापू, जरा इकडे येता का?"

सासूबाई आपलं कपाट उघडून उभ्या होत्या. आत घडी केलेल्या चादरींची चळत होती. त्यांनी एकेक चादर उलगडून मला दाखवली.

"चार चादरी," त्या म्हणाल्या. "चारही चादरींना भोकं, आणि सगळी एका रांगेत. हात मात्र सरळ आहे हो तुमचा!"

माझी मान खाली गेली. पण सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांचं हे असंच आहे. त्यांना राग येतो तो फक्त लोंबणाऱ्या टोकाचा. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून त्यांना सवयच लागलीय. धाग्याचं टोक असो, पिशवीचा बंद असो, बुटाची लेस असो, सुटं टोक दिसलं की त्या ते कुठंतरी खोचून, बांधून, गाठ मारून मोकळ्या होतात. एकदा मी सोफ्यावर डुलकी घेत होतो, तेव्हा माझ्या पायजम्याची नाडी त्यांनी लेकीला हाक मारून आत खोचायला लावली होती!

असो. दुसरं भोक बरोबर जागी निघालं आणि गुरुवारी दुपारी जोडणी पूर्ण झाली. डब्यात चार वायरी: काकांची, ताईंची, मॅडमची आणि मोठ्या पडद्याची. पाचवी ती उरलेली चोवीस फुटांची. तिचं एक टोक मी डब्यात घातलं आणि दुसरं टेबलावर मोकळं ठेवलं. समितीतल्या कुणी स्वतःचा लॅपटॉप आणला तर त्यांची गैरसोय नको! एवढा पुढचा विचार करणारा माणूस तुम्हाला कुठल्याही नेटवर्क कंपनीत मिळायचा नाही.

मी ओरडलो, "काका, खिडकी सरकवा!"

आत काकांनी खिडकी सरकवली आणि पुढच्या खोलीत मोठ्या पडद्यावर ती सरकली. देवाशप्पथ सरकली! ताईंनी टाळ्या वाजवल्या. काका स्वतः उठून बघायला आले आणि "हं" म्हणाले. मॅडम पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "खरंच छान केलंत हो."

तेव्हा साडेतीनच वाजले होते, तरी ती 'मॅडम'सारखी बोलली नाही. त्या क्षणी नेटवर्कवाल्याचं सांगून टाकायला हवं होतं. पण इतक्या गोड वेळी तोंड कडू कशाला करा?

आता मी थांबायचं होतं. पण अति तिथं माती! मी साडूला फोन लावला. साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. तो स्वतःला कॉम्प्युटरमधला मोठा जाणकार समजतो, त्यामुळे ही बातमी त्याला आजच्या आज कळणं गरजेचं होतं. तो जवळपासच होता. म्हणाला, "तुझा तो पेनड्राइव्ह आता रिकामाच ना? मला दे, गावी फोटो न्यायचेत." मी म्हणालो, "घेऊन जा! आमच्याकडे आता असल्या जुन्या गोष्टी वापरत नाहीत!" तो आला, लाल फितीसह पेनड्राइव्ह घेऊन गेला, आणि जाताना त्यानं कसं जोडलं ते विचारलं. झालं! मी दारात उभा राहून त्याला डब्याचं शास्त्र समजावून सांगू लागलो.

तेवढ्यात सासूबाई पुढची खोली आवरायला आल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते ना.

"जावईबापू, हे वायरचं टोक टेबलावर लोंबतंय. कुठं जातं हे?"

मी मागे वळूनही न बघता हात हलवला. "घाला हो, दिसेल त्या रिकाम्या भोकात!"

"बरं," त्या म्हणाल्या.

मी साडूला पुढचं सांगत राहिलो.

काल चाचणीनंतर बंद करून ठेवलेलं सगळं शुक्रवारी सकाळी दहा वाजता चालू केलं. डब्यावरचे दिवे अशा वेगानं लुकलुकू लागले की मी खूश झालो.

"बघा, काय जोरात काम चाललंय!"

आतून ताई ओरडल्या, "माझ्या इथं नुसतं गोल फिरतंय!"

"काकांचं काय?"

"त्यांचंही गोल फिरतंय. ते सांगत नाहीत, पण फिरतंय!"

मोठा पडदा काळा ठिक्कर. इंटरनेटही बंद. मी डबा बंद करून पुन्हा चालू केला. अर्धं मिनिट सगळं सुरळीत चाललं आणि मग पुन्हा ठप्प! पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा अर्धं मिनिट. असं सहा वेळा झालं. साडेदहा वाजले.

मॅडम माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "त्या नेटवर्कवाल्याला फोन करा ना."

"कशाला? मला कळलंय काय झालंय ते."

मला काहीही कळलं नव्हतं. पण माणूस एकदा उंटावर चढला की खाली उतरायला शिडी कोण देणार? मी ताईंना म्हणालो, "तुम्ही फार जोरात टाइप करता, त्यानं होतंय. हात लावू नका." ताईंनी हात वर धरले. तरी ठप्प. मग मी काकांना म्हणालो, "तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, तो बाकीच्यांना ओढतोय." काकांनी निमूटपणे कॉम्प्युटर बंद केला. तरी ठप्प.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई हात वरच ठेवून म्हणाल्या.

इतक्यात मागच्या खोलीतून 'घर्रर्र' असा आवाज आला. सासूबाई पुढच्या खोलीचा पडदा शिवत होत्या, खिडकीतला उजेड चित्रांवर येऊ नये म्हणून. मशीनला मोटार बसवलेली आहे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मी धावत गेलो.

"सासूबाई, मशीन थांबवा!"

त्यांनी पाय उचलला. मी धावत येऊन डबा बंद केला, चालू केला. चाललं!

"सापडलं!" मी ओरडलो. "हे सगळं शिलाई मशीनमुळे होतंय! ते जुनाट धूड बंद ठेवलं तर..."

अर्धं मिनिट संपलं. पुन्हा ठप्प. आणि मशीन तर बंदच होतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात अर्धा शिवलेला पडदा. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं चालतंय हो ते. आजवर कुणाचं काही बंद पाडलं नाही त्यानं."

याच मशीनवर त्यांनी दोन मुली शिकवल्या. मॅडमच्या कॉलेजची फी त्या घर्रर्रमधूनच निघाली. आणि मी त्याला धूड म्हणालो! मॅडमनं माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं बघितलं आणि विचारलं, "पेनड्राइव्ह कुठंय?"

"साडूकडे."

"साडू कुठंय?"

"गावी."

टायपिंगताईंनी इतका वेळ वर धरलेले हात कपाळाला लावले. फोनवरून पाठवायचं म्हटलं तर काकांचा फोन बटणांचा, आणि नकाशे एवढे जड की एकेकाला पाऊण तास लागला असता. समोरचा भाग काकांच्या कॉम्प्युटरवर, आतली रचना मॅडमच्या, कपाटांच्या आणि पुस्तकांच्या याद्या ताईंच्या. एक वाचनालय, तीन खोल्यांत तीन तुकडे! अकराला दहा मिनिटं कमी होती.

मॅडम खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिला असं हातपाय गाळून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हिचं ऑफिस मी बुडवलं, असं मला स्वच्छ दिसलं.

सासूबाई पुढे झाल्या. "काय गं, चित्रं त्या पडद्यावर येत नाहीत ना?"

"नाही गं आई."

"पण जिथली तिथं तर दिसतायत?"

"डबा बंद केला की दिसतात. जिथली तिथं."

"मग माणसांना उठव आणि तिथं ने! माझ्याकडे गिऱ्हाईक माप द्यायला यायचं ते आपल्या पायांनी यायचं. मी कधी मशीन डोक्यावर घेऊन त्याच्या घरी गेले नाही!"

मॅडमनं वर बघितलं. मी डबा बंद केला, आणि दाराची घंटा वाजली.

समितीत तिघं होती. अध्यक्षबाई, या निवृत्त मुख्याध्यापिका, हे सांगायला नको इतकं त्यांच्या चष्म्यावरून कळत होतं. दुसरे एक डॉक्टर. तिसरे वाचनालयाचे चिटणीस, जे प्रत्येक वाक्यानंतर घड्याळ बघायचे. अध्यक्षबाई बसल्या आणि त्यांनी काळ्या पडद्याकडे बोट केलं.

"यावर दाखवणार होता ना?"

मॅडमनं तोंड उघडलं, पण मीच आधी बोललो. का बोललो कुणास ठाऊक. पण तिनं माझ्यासाठी कारणं द्यावीत हे मला बघवेना.

"बाई, ते माझ्यामुळे बंद आहे. मॅडमनी चांगला माणूस बोलावला होता. मी त्याला त्यांना न विचारता येऊ नका म्हणून कळवलं आणि स्वतः वायरी जोडल्या. मॅडमचा यात काही दोष नाही. आणि काल सगळं चालत होतं हो, शपथ!"

मॅडमनं माझ्याकडे अशी मान वळवली की तिचा मणका वाजला. तिला हे आत्ता कळत होतं!

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी..." माझं 'मॅनेजर' घशातच अडकलं. "घरचाच आहे."

"असं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझी पाचावर धारण बसली.

मॅडम उठून उभी राहिली. "आपण आत चला. ज्यानं जे काढलंय, त्याच्याच टेबलाशी बघू."

आधी काकांचं टेबल. मला धडकी भरली होती, कारण काकांची आजची तीन वाक्यं सकाळीच खर्च झाली होती. पण अध्यक्षबाईंनी विचारलं, "या खिडक्या इतक्या खाली का?" आणि काका बोलायला लागले! म्हणाले, म्हातारी माणसं बसून वाचतात, उजेड पुस्तकावर पडायला हवा, डोक्यावर नव्हे. त्यांनी स्वतःची खुर्ची खिडकीशी ओढून बसून दाखवलं. रोज खिडकी दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे का चालली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी वर्षभर नुसता हमाली करत होतो! डॉक्टर म्हणाले, "पायऱ्यांऐवजी उतार करता येईल? चाकाच्या खुर्चीसाठी?" काकांनी तिथल्या तिथे रेघ ओढली. सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. चिटणीस घड्याळ बघायचे विसरले.

ताईंच्या टेबलाशी त्याहून मजा. त्यांनी मुलांच्या पुस्तकांचे खण जमिनीपासून किती उंचीवर हवेत, हे शेजारच्या तीन मुलांना भिंतीला उभं करून मोजलं होतं. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा अजून होत्या. अध्यक्षबाईंनी त्या खुणांवरून बोट फिरवलं. मॅडमच्या टेबलाशी तर पाऊण तास गेला. ती बोलायला लागली की मी नेहमी चहाच्या तयारीला जातो. त्या दिवशी मात्र दारातच उभा राहिलो. किती सुंदर बोलते हो ती! मी बावीस वर्षं चहाच करत राहिलो.

शेवटी सगळे पुढच्या खोलीत परतले. अध्यक्षबाईंचं पेन खाली पडलं, म्हणून त्या टेबलाखाली वाकल्या. आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"या वायरची दोन्ही टोकं या एकाच डब्यात का आहेत?"

"कुठल्या वायरची?" मी गुडघ्यांवर बसलो. बघतो तर काय! माझी ती चोवीस फुटांची पाहुण्यांची वायर. एक टोक पहिल्या भोकात, दुसरं टोक आठव्या भोकात. मधली वायर छान गुंडाळून सुतळीनं बांधलेली. डब्यातून निघालेलं सगळं पुन्हा डब्यातच जात होतं आणि आतल्या आत फिरत बसलं होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा!

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच तर सांगितलंत, जावईबापू! दिसेल त्या रिकाम्या भोकात घाला म्हणून. मी म्हटलं, लोंबण्यापेक्षा बरं."

ताईंच्या तोंडातून हसण्याचा पहिला फुत्कार बाहेर पडला. मग डॉक्टर. मग चिटणीस. काकासुद्धा खांदे हलवत होते. मी ते टोक उपटलं, डबा चालू केला. दिवे शहाण्यासारखे एकेक करून लुकलुकले आणि मोठ्या पडद्यावर वाचनालय उभं राहिलं, डॉक्टरांच्या उतारासकट!

"आता नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही आत जाऊन बघितलंय."

समिती गेली. काम मिळणार की नाही, याचा अध्यक्षबाई जाईपर्यंत मला काही अंदाज आला नाही. मी आधी मागच्या खोलीत गेलो आणि सासूबाईंना म्हणालो, "मशीनला धूड म्हणालो, चुकलं माझं."

"मशीनला सांगा," त्या म्हणाल्या. आणि मी खरोखरच मशीनवर हात ठेवून माफी मागितली. त्या तोवर भोकं पडलेल्या चादरींना ठिगळं लावत होत्या. चार ठिगळं, चारही एका रांगेत.

मॅडम सहा वाजून एक मिनिटापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, त्या माणसाला नको म्हणून कळवलंत आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत!"

"चुकलं."

"आणि सगळ्यांसमोर अंगावर घेतलंत ते?"

"तेही चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली. "ते नाही चुकलं." आणि तिनं माझा हात धरला. मला सरळ रडू आलं, लपवायचं कशाला?

सोमवारी सकाळी तिनं त्या मोठ्या कंपनीला फोन लावायला घेतला, तेवढ्यात अध्यक्षबाईंचाच फोन आला. काम आम्हाला मिळालं! त्या म्हणाल्या, बाकी दोन ठिकाणी सगळं पडद्यावर दिसलं, पण काढणारी माणसं काही दिसली नाहीत. ताई खुर्चीवर चढून नाचल्या. काकांनी त्या दिवशी पाच वाक्यं बोलून उच्चांक केला. मॅडम आईच्या गळ्यात पडून रडली आणि मी सगळ्यांना चहा केला, कारण ते काम मला निर्विवाद येतं.

बुधवारी करारपत्र आलं. सतरा टाइप केलेल्या अटी. मॅडम मोठ्यानं वाचत होती आणि आम्ही सगळे भोवती उभे होतो. सतरावी वाचून झाली आणि ती थांबली. खाली अध्यक्षबाईंच्या सुवाच्य अक्षरात, शाईच्या पेनानं लिहिलेली अठरावी अट होती.

"वाच ना गं," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनं ओठ दाबले, तरी हसू बाहेर आलंच. "'नवीन इमारतीतील कॉम्प्युटर जोडण्याचे काम कोणालाही द्यावे. मात्र घरच्या माणसाला देऊ नये.'"

करारावर साक्षीदाराची सही लागते. मॅडमनं पेन माझ्याच हातात दिलं. मी ती अट तीनदा वाचली. एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला असता तर तेवढ्यावरून तरी हरकत घेतली असती हो, पण मुख्याध्यापिका त्या! मुकाट्यानं सही केली.